मोठ्यांवर ओरडायला शिकलेला बचावपटू

मुलांनो, नानीला अचानक फुटबॉलमधलं कसं कळायला लागलं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. त्याचं उत्तर आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतं.

इथे आखातात, अल मजाज भागातल्या आमच्या टॉवरमध्ये गेल्या वर्षी एक इंडोनेशियन जोडपं आलं. नवरा इथल्या एका लहान क्लबात बचावपटू आहे. त्याआधी तो त्याच्या देशात आणि मलेशियात खेळला. वय तिशीच्या पुढे. मला तो ‘इबू’ म्हणतो, म्हणजे आई, आणि समोरून जाताना हमखास थोडा वाकून जातो.

एका संध्याकाळी त्याची बायको केळ्याची गरम भजी घेऊन आली आणि दारातच रडायला लागली. नव्या कोचनं नवऱ्याला संघाबाहेर बसवलं होतं. करार संपत आलेला. उरलेल्या सामन्यांत खेळला नाही, तर परत जावं लागणार.

“गुडघा दुखतोय का त्याचा?” मी विचारलं.

“नाही. कोच म्हणतात, हा मुका आहे.”

मागे उभ्या असलेल्या बचावपटूला समोरचा सगळा खेळ दिसतो. कोणाला अडव, कुठे सरक, हे त्यानं इतरांना ओरडून सांगायचं असतं. आजवर याच्या शेजारी कुणीतरी वडीलधारा खेळाडू असायचा आणि ते काम तो करायचा. आता ते याच्यावर आलं होतं.

मी त्याला बोलावून घेतलं. मान खाली घालून म्हणाला, “इबू, गोलकीपर माझ्यापेक्षा मोठे आहेत. मोठ्यांवर कसं ओरडू?”

“आणि मोठ्यांनी गोल खाल्लेला चालतो तुला?” तुमचे नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी शिस्त लावली. सकाळी खाडीकाठी आम्ही दोघं पुढे चालणार, त्यानं मागून हुकूम सोडायचे.

“इबू, प्लीज, जरा डावीकडे जाल का?”

“खलास! झाला गोल,” नाना म्हणाले. “यल्ला, चल, पुन्हा!”

हळूहळू ‘प्लीज’ गेलं. मग ‘इबू’ गेलं. एके दिवशी तो “लेफ्ट! लेफ्ट!” असा ओरडला, की एक मल्याळी गृहस्थ जॉगिंग थांबवून आमच्याकडे आले. “आंटी, कोई प्रॉब्लेम है?”

“नही भाई, प्रॅक्टिस है,” मी म्हटलं. आमचा शेजारी बिचारा लाजून लाल.

पुढे एका सामन्यात दुसऱ्या बचावपटूचा पाय मुरगळला आणि कोचनं याला आत पाठवलं. आम्ही दोघं आणि त्याची बायको स्टँडमध्ये होतो. बराच वेळ हा गप्पच. मग चेंडू उंच आला, गोलकीपर पुढे धावला, आणि “थांब!” असा आवाज थेट आमच्यापर्यंत पोचला. गोलकीपर दचकून थांबला. यानं डोक्यानं चेंडू बाहेर काढला. मग मात्र त्याचं तोंड बंद झालंच नाही.

सामना ते हरले. पण पुढच्या सामन्यात तो सुरुवातीपासून होता आणि त्याच्या पुढच्याही.

काल त्याची बायको हसत आली. क्लबानं त्याला ठेवून घेतलंय. वर्षभर त्यांच्या खिडक्यांवर नुसत्या चादरी टांगलेल्या होत्या. “इबू,” ती म्हणाली, “इथे पडदे कुठे शिवून मिळतात?”