धोंडीबाच्या गोठ्यातला रूळ

हसलात तरी चालेल, गावानं आधीच हसून घेतलंय. पण स्वतःच्या पायावर असा धोंडा पाडून घेणारा मास्तर तुम्ही पाहिला नसेल, म्हणून सांगतो.

भोरजवळच्या आमच्या खोऱ्यात धरण बांधताना दगड वाहायला छोटी रेल्वे होती. काम संपलं, गाडी गेली. रूळ पडून राहिले आणि लोकांनी ते हळूहळू घरी नेले. आता पर्यटकांसाठी ती गाडी पुन्हा सुरू करायची टूम निघाली. समिती झाली. मी निवृत्त मास्तर, त्यात भाषणाची हौस. रूळ गोळा करायचं काम माझ्या गळ्यात आलं. नसरापूर फाट्यावर फलकसुद्धा लागला. गाडी आणि रूळ सोडून सगळं तयार होतं.

मी दारोदार फिरलो. कुणी तुकडा दिला, कुणी दार लावून घेतलं. सगळ्यात लांब रूळ सापडला वरच्या वाडीत, धोंडीबाच्या शेळ्यांच्या गोठ्यात. छपराची तुळईच ती.

"गुरुजी, पावसाळा जाऊ द्या," धोंडीबा म्हणाला. "खाली शेरडं हाईत."

झालं, माझ्यातला वक्ता जागा झाला. चार माणसांदेखत विचारलं, "धोंडीबा, देशाचा वारसा मोठा की तुझी शेरडं?"

बिचाऱ्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "न्या."

रुळाच्या जागी त्यानं बांबू घातला. मी रुळाला हार घालून तो टेम्पोतून मिरवत आणला. आता सांगताना लाज वाटते.

आषाढात गोठा बसला. शेळ्या वाचल्या, एवढंच नशीब. भर पावसात धोंडीबा त्यांना घेऊन माझ्या दारात.

"गुरुजी, तुमीच सांगा, ह्यास्नी कुठं नेऊ?"

पडवीत बांधल्या. तिथंच नेमकी समितीची बैठक चाललेली. अध्यक्ष नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मास्तर, एकच रूळ कमी पडतोय. तेवढा शोधा."

चहा घेऊन आलेली आमची बायको थांबली. "शोधायचा कशाला? ही पडवीची तुळई काय लाकडाची आहे? मामंजींनी धरणावरूनच आणलेली. दर दिवाळीला चुना तर तुम्हीच लावता."

सगळ्यांच्या माना वर. माझी तेवढी खाली.

"वा, मग कधी काढायचा?" अध्यक्षांनी विचारलं.

धोंडीबा एका करडाचं अंग पुसत होता. बोललो मीच.

"पावसाळा जाऊ द्या," मी म्हणालो. "खाली शेरडं आहेत."