पुढं बसायची हौस

साळूबाई रागीट, असं सगळं खोरं म्हणायचं. ती का रागावते, हे मात्र कुणी विचारलं नाही. कोयनेच्या धरणात शेत बुडालं, बैलगाडी गेली, आणि तिच्या नवऱ्यानं, नाथाजीनं, माणसं पल्याड बाजाराला न्यायला चिपळूणकडची एक जुनी शिडाची नाव ट्रकवर घालून घाट चढवून आणली. तो डोलकाठीपाशी बसून शीड सांभाळायचा. साळूबाई पार मागं सुकाणूचा दांडा धरून बसायची. घरात तिला सासू बोले, दीर बोले, नवरा तर बोलेच. नावेत मात्र ती "बसा खाली" म्हणाली की गावचा पाटीलसुद्धा मुकाट बसायचा. तिचं म्हणावं असं जगात एवढंच होतं, मागची ती हातभर फळी.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीला लालासाहेब सुभेदार रजेवर आला. फौजेत राहून जीभ सैल सुटलेली. भरल्या नावेत म्हणाला, "नाथाजी, मागनं बायको हाकती आन् म्होरं तू बैलावानी! लय झ्याक गड्या!"

सगळी नाव हसली. नाथाजीच्या ते जिव्हारी लागलं.

साळूबाई दुसऱ्याच्या रानात नाचणी काढायला गेली, तेवढ्यात त्यानं डाव साधला. दांड्याला दोन दोऱ्या बांधल्या, मागच्या दोन्ही कडांना विहिरीच्या कप्प्या ठोकल्या. डावी दोरी डाव्या कप्पीतून डाव्या कडेनं पुढं आणली, उजवी उजव्या कडेनं. जन्मभर गाडी हाकलेला माणूस, त्यानं नावेला कासरेच लावले.

बाजारादिवशी साळूबाई काठावर आली तेव्हा तो डोलकाठीपाशी दोऱ्या धरून बसला होता. म्हणाला, "आजपासनं तुजं काम न्हाई. मीच हाकतो हितनं."

सुभेदारासकट बाजारची माणसं माना खाली घालून नावेत चढली. इतकी वर्षं तिच्या हातानं पार झालेली माणसं! तिच्या बाजूनं एकानं तोंड उघडलं नाही. साळूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला नवऱ्यापेक्षा त्यांचा जास्त राग आला.

थोडं आत, पाण्यातून वर आलेलं एक वाळकं झाड होतं. ते उजव्या हाताला टाकून जायचं, म्हणून नाथाजीनं डावी दोरी ओढली. बैल असता तर वळला असता. पण डावी दोरी ओढली की दांडा डावीकडं येतो, आणि दांडा डावीकडं आला की नाव उजवीकडं वळते. त्यानं आणखी जोर लावला, तशी नाव थेट झाडातच घुसली. बनुबाईची कोंबड्यांची पाटी पाण्यात गेली, बायका किंचाळल्या. शेवटी शीड उतरवून, बांबू मारत मारत नाव परत अल्याडच्या काठाला आणली.

उतरल्या उतरल्या नाथाजी बायकोवर ओरडला, "तुजी नजर लागली!"

नाचता येईना अंगण वाकडं! साळूबाई तरातरा नावेत शिरली. वाकडं काम तिला बघवायचंच नाही, रागातसुद्धा. तिनं दोऱ्या सोडल्या, दांड्याच्या पुढं त्यांची फुली केली, डावीकडची उजव्या हाताला नि उजवीकडची डाव्या हाताला आणली. "वढा आता," ती खेकसली.

नाथाजीनं काठाकाठानं नाव फिरवून बघितली. ओढेल तिकडं वळू लागली. तो फुलला. परत काठाला लागून सुभेदाराला म्हणाला, "बगा! आता कुणीबी हाकील." मग बायकोकडं न बघताच म्हणाला, "जा तू. भाकऱ्या टाक."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपली जागा घालवणारी दोरी आपणच नीट करून दिली, हे साळूबाईला तेव्हा कळलं. क्षणभर तिला स्वतःचेच हात तोडावेसे वाटले.

"कुणीबी हाकील?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मंग तुमीच कशाला?"

तिनं त्याच्या हातातल्या दोऱ्या हिसकल्या, शिडाची दोरी दुसऱ्या हातात घेतली आणि डोलकाठीपाशी फतकल मारली. "आवं, उतरा. दोगांचं काम ऱ्हायलं न्हाई आता. बाजाराला जायचं त्येनी बसा!"

नाथाजीनं सुभेदाराकडं बघितलं. सुभेदार आधीच नावेत चढून खाली बसला होता. शिडात वारा भरला. नाथाजीचा एक पाय नावेत, एक काठावर, आणि नाव निघाली तसा तो गुडघाभर पाण्यात उतरला.

राग काही गेला नाही साळूबाईचा. पार पल्याड पोहोचेपर्यंत ती एकेकाचं नाव घेऊन बोलत होती, आणि मधे बोलायची कुणाची छाती झाली नाही.