बेट रिकामं असल्याची नोंद

ती येळवस अजून माझ्या मनातून उतरलेली नाही. खात्यात एकतीस वर्षं काढली. खुनाचे, दरोड्यांचे तपास केले, त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. पण मांजरा नदीतलं ते लहानसं बेट, आणि त्या बेटाबद्दल मी स्टेशन डायरीत लिहून घेतलेली, माझ्या सहीची एक ओळ, या दोन गोष्टी जशाच्या तशा आहेत. यात मी कुणाचं नाव घेणार नाही. माझी चूक मात्र झाकणार नाही.

मी तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सहायक पोलीस निरीक्षक. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या येळवसला, इकडे गावंच्या गावं ओस पडतात. सगळे शेतात जातात. ज्याला शेत नाही त्याला कुणी ना कुणी बोलावतोच. भज्जी, आंबील, उंडे, खीर, आणि दिवसभर झाडाखाली बसणं. त्या दिवशी लेकरं कुणाच्याही पंगतीत जेवतात. आई विचारत नाही, कारण कुणीतरी खाऊ घातलेलं असतंच. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटणार नाही, पण पुढे जे झालं ते याच सवयीमुळे झालं.

आमच्या हद्दीतलं बेट एकराभराचं असेल. ग्रामपंचायतीने तिथे पाळणे बसवले होते, सशांचा पिंजरा केला होता आणि सिमेंटचा एक मोठा हत्ती बांधला होता. त्याच्या पोटातून जिना चढायचा आणि सोंडेवरून घसरत खाली यायचं. लातूरहून, अहमदपूरहून लोक पोरांना घेऊन यायचे. इंजिनाच्या दोन होड्या होत्या. एक नावाडी स्वतः चालवायचा, दुसरी त्याचा भाऊ. एका वेळी बेटावर साठ माणसं, ही परवानगीतली अट. काठावरच्या शेडमध्ये नंबर टाकलेल्या साठ खुंट्या आणि त्यांवर साठ नारिंगी जॅकेटं. जाताना जॅकेट घ्यायचं, बेटावर अंगात नाहीतर बुडाखाली ठेवायचं, परत आलं की आपल्या नंबरच्या खुंटीला लावायचं. खुंट्या भरल्या म्हणजे माणसं आली. नावाडी माणसं मोजायचा नाही, खुंट्या बघायचा. सोपी पद्धत होती. मलाही आवडली होती.

आवडली होती म्हणतो, कारण परवानगीसाठी पोलिसांची ना-हरकत मीच दिली होती. पाहणीला गेलो तेव्हा तो नावाडी, पन्नाशीचा काटक माणूस, मला म्हणाला होता की लहान लेकरांच्या मापाची जॅकेटं पण पाहिजेत असं साहेबांनी कागदावर लिहावं, म्हणजे पंचायत मागवील. मी म्हणालो, लेकरं मांडीवर बसतात, चालतंय. कागदावर लिहिलं, ‘सुरक्षा साधने पुरेशी आढळली.’ ऊन फार होतं, मला परत जायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

त्या येळवसला दुपारी तीनच्या सुमारास ठाण्याला निरोप आला की वरच्या बंधाऱ्यातून चार वाजता खालच्या गावांसाठी पाणी सोडणार आहेत, नदीपात्र मोकळं करा. ठाण्यात माणसं कमी. मी, एक हवालदार आणि एक शिपाई, तिघे नदीवर गेलो. बेट भरलेलं होतं. शिट्ट्या मारल्या, कर्ण्यावरून ओरडलो. लोक अर्धं जेवण गुंडाळून, डबे हातात घेऊन, कुरकुरत होडीत बसले. एक आजी मला म्हणाली, “साहेब, सणाला तरी आमच्या मागं लागू नगा.” सगळे हसले. पावणेचारला शेवटची होडी काठाला लागली. मी शेडमध्ये गेलो. साठच्या साठ खुंट्या भरलेल्या. जीपच्या बॉनेटवर वही ठेवून टिपण केलं आणि वायरलेसवरून ठाणे अंमलदाराला सांगितलं, लिहा, बेट निर्मनुष्य केले, खात्री केली. ठाण्यावर गेल्यावर त्याखाली सही मीच केली.

लोक घरी गेले नाहीत. काठावरच्या बाभळींखाली पुन्हा पंगती बसल्या. साडेचारला एक जोडपं माझ्याकडे आलं. नवरा गावातला शिंपी, खाली दुकान, वर घर असलेलं जुनं मुसलमान कुटुंब. एका शेतकरी मित्राने त्यांना येळवसला बोलावलं होतं. त्यांची चार वर्षांची मुलगी दिसत नव्हती. आई पहिल्या होडीतून आली होती, बाप दुसऱ्या. आईला वाटलं पोर बापाजवळ आहे. बापाला वाटलं मित्राच्या बायकोजवळ आहे. मित्राच्या बायकोला वाटलं कुठल्यातरी पंगतीत खीर खात असेल. तिघांनी सगळ्या पंगती फिरून पाहिल्या होत्या.

बाप म्हणाला, “साब, ती बेटावर ऱ्हायली. एकदा होडी घाला.”

मी त्याला समजावलं. बेट रिकामं आहे, मी स्वतः खात्री केली आहे, पाणी सुटलं आहे, आता होडी घालता येणार नाही. पोर इथेच कुठेतरी आहे. तो मागे फिरला. पोलिसाने इतकं ठाम सांगितल्यावर मागे फिरण्याची सवय असलेला माणूस होता तो. दहा मिनिटांनी तो परत आला आणि तेच म्हणाला. मी पुन्हा नाही म्हणालो. दुसऱ्या वेळेला माझा आवाज चढला होता.

तेवढ्यात खबर मिळाली. काठावर भेळ विकणाऱ्या एकाने हवालदाराला बाजूला घेऊन सांगितलं की चारच्या आधी नावाडी हिरव्या फ्रॉकातली एक रडणारी मुलगी काखेत घेऊन शेडच्या मागे गेला होता. शिंप्याच्या मुलीचा फ्रॉक हिरवाच होता. लहान मूल हरवलं की आम्हाला अपहरणाचाच गुन्हा नोंदवावा लागतो, आणि असल्या गुन्ह्यात पहिला तास महत्त्वाचा असतो. शिवाय भोवती लोक गोळा होऊ लागले होते. सण एकाचा, लेकरू दुसऱ्याचं, कुणी काय बोलेल आणि त्याचं काय होईल, ही भीती वेगळी.

नावाड्याला शेडमध्ये घेतलं. पोर कुठे ठेवलीस, विचारलं. तो म्हणाला ती त्याची नात होती, घाण केली म्हणून धुवायला नेली आणि मग घरी पाठवली. अशी उत्तरं मी आयुष्यभर ऐकली होती. घाबरलेला माणूस आणि गुन्हेगार माणूस सारखाच थरथरतो, हे मला माहीत होतं. तरी मी त्याला गुन्हेगार धरलं. मी त्याच्या कानाखाली एक मारली. तो खाली बसला. हवालदाराला त्याच्या घरी पिटाळलं.

तो परत येईपर्यंत पाणी आलं. आधी आवाज आला नाही, वास आला, गढूळ ओल्या मातीचा. मग काठाचे दगड एकेक करून दिसेनासे झाले. शेडच्या दारातून बेटाची खालची बाजू दिसत होती. पाळण्यांच्या खांबांना पाणी लागलं होतं. बाहेर त्या आईचं रडणं थांबलं होतं. रडणं ऐकवत नव्हतं, पण थांबल्यावर जास्त भीती वाटली.

हवालदार धापा टाकत आला. नात घरी होती, हिरवा फ्रॉक दांडीवर वाळत होता. भेळवाल्याने बघितलं ते खरं होतं, मी लावलेला अर्थ खोटा होता.

मी नावाड्याला विचारलं, “मग ती शिंप्याची पोर कोणत्या होडीत होती?”

“मला काय म्हाईत साहेब. मी जाकेट बघतो. साठ गेले, साठ आले.”

“तिचं जाकेट कोणत्या नंबरचं?”

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. गाल सुजला होता. म्हणाला, “लेकराला कुठलं जाकेट, साहेब? मोठ्याचं घातलं तर पायात येतंय.”

मी खुंट्यांकडे पाहिलं. साठ जॅकेटं नीट लटकत होती. त्यांतलं एकही कुठल्या लेकराचं नव्हतं. त्या दुपारी बेटावर किती लेकरं गेली आणि किती परत आली, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी साठ खुंट्या मोजल्या होत्या आणि बेट रिकामं असल्याचं लिहून टाकलं होतं. पावणेचारपासून पाऊण तास वाया गेला होता, साडेचारनंतरचा पाऊण तास मी घालवला होता.

त्या ओढीत होडी घालू शकणारा माणूस एकच होता. मी त्याला काही म्हणण्याआधीच तो उठला आणि इंजिनाची दोरी ओढायला गेला. होडीत तो, शिंपी आणि मी. पात्राच्या मध्यावर होडी आडवी होऊ लागली तेव्हा मी बाजूची फळी दोन्ही हातांनी धरली. शिंपी समोर बसून फक्त ओठ हलवत होता.

बेटाला लागलो तेव्हा उजेड उतरत होता. मी उडी मारून पुढे निघालो, तर शिंप्याने माझा दंड धरला. एरवी त्याने पोलिसाला हात लावला नसता.

“साब, तुम्ही हितंच थांबा,” तो म्हणाला. “ती वर्दी बघून भाईर येनार न्हाई. रडली की आमी तिला पोलिसाचं भ्या दावतो. शिट्टी ऐकूनच लपली आसंल.”

नावाड्याने होडीचा दोर एका चिंचेला वेढा देऊन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “हे सोडू नका.” दोघे पाण्यातून आत गेले.

मी तिथे उभा राहिलो. माझ्या नोकरीतला सगळ्यात लांबलेला वेळ तो. दोर ओढ खात होता, तळहात सोलत होता, पाणी पोटरीपर्यंत आलं होतं. सशांचा पिंजरा रिकामाच उघडा पडला होता, निघताना कुणीतरी ससे तेवढे आठवणीने नेले होते. बाप मुलीला हाका मारत होता. उत्तर येत नव्हतं. हाक मारून तो थांबायचा, तेवढ्या वेळात मी मनात पंचनामा लिहू लागलो होतो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. कुठली कलमं, वरिष्ठांना काय सांगायचं, डायरीतली ओळ कशी दुरुस्त करायची. लेकरू सापडू दे म्हणण्याच्या आधी माझ्या मनात हे आलं.

मग हाका थांबल्या.

ती हत्तीच्या पोटात होती. जिन्याची खालची पायरी पाण्यात गेली होती, ती वरच्या पायरीवर भिंतीला चिकटून, दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. बापाने तिला शर्टात गुंडाळून आणलं. होडीत ती माझ्याकडे पाठ करून त्याच्या गळ्याला लटकली होती, आणि बाप तिला सांगत होता, “ते पोलिस न्हाईत गं बेटा, ते होडीवाले हायेत.” मी टोपी काढून पायाखाली ठेवली.

पोर वाचली. मला वरिष्ठांकडून प्रशंसापत्र मिळालं. कागदावर ‘माहिती मिळताच तत्काळ शोध सुरू केला’ असं होतं, ते मीच लिहून दिलं होतं. बापाला मी दोनदा परत पाठवलं, हे त्यात नव्हतं. नावाड्याला मारल्याचंही नव्हतं. पुढे चौकशी झाली तेव्हा मी अहवाल दिला की नावाड्याने लहान मुलांना जॅकेटशिवाय होडीत बसवलं. अक्षर न् अक्षर खरं होतं. ‘पुरेशी आढळली’ या माझ्या शेऱ्याबद्दल मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याचं होडीचं काम गेलं. भावाला मिळालं. नावाडी स्वतः मोंढ्यात धान्याची पोती उचलू लागला.

खोटं बोलणारा माणूस ओळखायला आम्ही शिकतो. पण स्वतःच लिहिलेल्या ओळीवर संशय घ्यायला मला कुणी शिकवलं नाही, आणि मी शिकलोही नाही. डायरीत एकदा लिहिलं की ते खरं, बाकी सगळे खोटे, अशा डोळ्यांनी मी त्या बापाकडे पाहिलं होतं. त्याच्यानंतर ज्या ज्या माणसाला मी ‘खात्री केली आहे’ असं सांगून परत पाठवलं असेल, त्यांचे चेहरे आता आठवायचा प्रयत्न करतो. आठवत नाहीत.

मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यावर मी नावाड्याच्या घरी गेलो. त्याने ओळखलं, खाट टाकली, चहा सांगितला. मी जे बोलायचं ते बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे लिहून देता का साहेब? परवाना मागायला गेलो की जुना कागद काढतेत.”

मला दोन महिने लागले. मग तीन पानं लिहिली, शेरा, नकार, मारणं, अहवाल, सगळं, आणि तहसीलला देण्याआधी त्याच्या दारात बसून त्याला वाचून दाखवली. शेवटी म्हणाला, “समदं बरोबर हाय. तेवढं एक थप्पड लिवलंय, ते दोन करा.”

मला खरंच एकच आठवत होती. तसं मी म्हणालो.

“पहिली, पोर कुठं ठिवली म्हणून मारलीत,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “दुसरी, मी बेटावर बघून येतो म्हणलं तवा.”

मी पेन काढलं, ‘एक’ खोडून ‘दोन’ केलं, कशासाठी तेही शेजारी लिहिलं, आणि खाली सही केली.