हरला, आता गाव द्या

पौडच्या एसटी थांब्यावर डोंगरातल्या वाडीवरची एक म्हातारी करवंदं घेऊन बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. करवंदं पानात बांधता बांधता ती गिऱ्हाइकाला कोडं घालते. सुटलं तर मूठभर जास्त. हरला तर खेळातला दंड म्हणून एक गाव द्यायचं, मगच ती उत्तर सांगते. लोक हसत हसत अख्खं पुणंसुद्धा देऊन टाकतात.

मी दोन यत्ता शिकलेला, पण कोड्यात कधी कुणाला हार गेलो नव्हतो. परवा तिनं मला घातलं, "पाण्यातनं आलं, पाण्यात पडलं की मेलं. सांगा बाबा."

"मासा," मी ठासून म्हणालो.

"मासा पाण्यात मरतो व्हय?"

सगळा थांबा हसला. तरी मी मासाच धरून बसलो.

"हरला. आता गाव द्या."

"घे, कासार आंबोली दिली. माझं सोताचं गाव हाय."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "ते कुटं तुमचं ऱ्हायलंय आता? माझी सून तितं बंगल्यावर भांडी घासती. रोज फाटकावर इचारल्याबिगर आत सोडत न्हाईत. दुसरं द्या."

तसल्याच एका फाटकाच्या आत माझं वावर आहे, मीच विकलेलं. माझी मान वर होईना, दुसऱ्या गावाचं नाव तोंडात येईना.

ती पुडा माझ्या हातात ठेवून हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बाबा. मीठ हाय त्ये."

गाव न घेता तिनं कुणाला उत्तर सांगितलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.