नकाशावरचा ठिपका

पुरातत्त्वाच्या एका नियतकालिकाचं संपादन ताई सांभाळायच्या. नवा अंक आदल्या संध्याकाळीच वेबसाइटवर चढला होता. सकाळी तो चाळताना त्या एका पानावर थबकल्या. अजून न खणलेल्या थडग्यांचा नकाशा नेमक्या जागेसकट छापून गेला होता. "जागा झाका, नाहीतर चोरांचं फावेल," असं लेख तपासणाऱ्या परीक्षकाने बजावलं होतं. लेखकाने नकाशा बदलूनही दिला होता. ताईंच्याच हातून जुना गेला.

त्यांनी नकाशा काढला आणि मुख्य संपादकांना सगळं सांगितलं.

"चूक झाल्याचं निवेदन आजच लावा," ते म्हणाले. "आणि जागेवर पहारा बसवायला मी सांगतो."

ताईंना धीर धरवेना. थडगी जिच्या शेतात होती, त्या मालकिणीला त्यांनी फोन लावला.

"मावशी, शेतात कोणी अनोळखी दिसलं का?"

"आत्ताच दोघं आले होते, जमिनीतला धातू शोधायचं यंत्र फिरवत. कुत्रं सोडलं, तर पळता भुई थोडी झाली त्यांना!"

मावशी खो खो हसल्या.

दुपारी पहारा बसला आणि थडगी वाचली. पण पुढे कुठलाही अंक चढवायचा म्हटलं, की ताईंच्या तोंडचं पाणी पळायचं.