अप्पांचं एक वाक्य

विद्याश्रीला हवं होतं फक्त एक वाक्य. तिच्या वडिलांचं, जसंच्या तसं.

रुद्राप्पांचं गडमुडशिंगीत किराण्याचं दुकान होतं, पण गाव त्यांना ओळखायचं ते चौकातल्या फळ्यामुळं. तालमीच्या भिंतीला काळा रंग फासून केलेला तो फळा. दुकान उघडण्याआधी ओल्या फडक्यानं कालचा मजकूर पुसायचा आणि आजचा लिहायचा, हे सत्तावीस वर्षं चाललं. कधी सरपंचाचे कान उपटायचे, कधी तालुक्याच्या पुढाऱ्याला चिमटा काढायचा, कधी राज्य कुणासाठी चालवायचं असतं याचा चार ओळींत निकाल लावून मोकळं व्हायचं. कागदाला मात्र हा माणूस कधी शिवला नाही. दोन हजार एक साली रुद्राप्पा गेले आणि त्यांचं समग्र वाङ्मय त्या ओल्या फडक्यातच गेलं म्हणायचं.

चार वर्षांनी त्यांची लेक विद्याश्री, कोल्हापुरात सासरी, पोरीला बालवाडीत घालून स्वतः बी.ए.ला बसली. दूरशिक्षणातनं, रविवारी वर्ग. पहिल्याच वर्षी तत्त्वज्ञानाच्या परिचयाचा पेपर होता. अवंतिका मॅडमनी गृहपाठ दिला, आपल्या भागातला एक लेखक घ्या आणि त्याचा राजकीय विचार उलगडून दाखवा. बाकीच्यांनी ग्रंथालयातली जाडजूड नावं घेतली. हिनं उठून सांगितलं, "रुद्राप्पा, गडमुडशिंगी." वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण आधी लेखकाचं वाक्य द्यायचं, मग त्याचा अर्थ, मग तुमचं मत. वाक्यच हातात नसलं की आपण आपलंच मत लेखकाच्या तोंडी घालून मोकळे होतो."

घोडं तिथंच पेंड खात होतं. विद्याश्रीनं तो फळा एकदाही वाचला नव्हता. शाळेला जाताना रोज ती त्याच्यासमोरनं जायची, पण तालमीच्या कट्ट्यावर गडीमाणसं बसलेली असायची आणि पोरींनी तिथं थांबायचं नसायचं. अप्पांचीच ताकीद होती, खाली बघून जा. ही लेक एवढी आज्ञाधारक, की कट्ट्यापुढची फरशी न् फरशी तिला पाठ झाली आणि अक्षर एकही नाही. घरात अप्पा मीठमिरचीपलीकडं बोलायचे नाहीत. आपला बाप काय विचार करायचा हे गावाला ठाऊक, पोटच्या पोरीला नाही, ही सल ते गेल्यापासून वाढतच चालली होती. गृहपाठ हे निमित्त.

एका सुट्टीला ती माहेरी आली. फळ्यावर आता कुणा भावी नेत्याच्या वाढदिवसाचा डिजिटल बोर्ड लटकत होता. कट्ट्यावर हंबीरराव बसले होते, तालमीतले जुने पैलवान.

"तुझा बा? आगं, साकर कारखान्याचा कट्टर मानूस. कारखाना हाय तर गाव हाय, आसंच लिवायचा की!"

शेजारचे जोतीराम उसळले. "काय बोलतोयस, हंबीर? कारखान्याला झोडपायचा त्यो. मी सोता वाचलंय."

"नेमकं शबूद सांगा की, तात्या," विद्याश्री जोतीरामांपुढं काकुळतीला आली.

"शबूद कुटलं ध्यानात ऱ्हात्यात पोरी? मुद्दा सांगतोय न्हवं?"

तासभर दोघांची जुंपली. जो तो आपलं मत रुद्राप्पांच्या गळ्यात बांधत होता, आणि मेलेला माणूस बिचारा नाही कसं म्हणणार! विद्याश्रीचे डोळे भरून आले. ती उठून चालू लागली.

वाटेत बयाबाई भेटल्या, हातात दुधाची किटली. सत्तरीच्या बाई, चौकात आणि घरोघरी दूध घालणाऱ्या, जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या. विद्याश्रीनं त्यांना सगळं सांगितलं ते मन हलकं करायला, उत्तराच्या आशेनं नव्हे.

"मला कुटं वाचाय येतंय?" बयाबाई म्हणाल्या. "मी त्याला म्हनायचो, अप्पा, काय खरडलंस त्ये वाचून दाव. त्यो दोनदा वाचायचा. मग मी दूध घालत घालत घरोघरच्या बायकास्नी सांगायचो. येक शबूद चुकला तरी दुसऱ्या दिशी माज्यावर खेकसायचा की!"

वाचणारे वाचून विसरले होते. या बाईला विसरायची सोय नव्हती.

"एक तरी सांगा, मावशी. जसंच्या तसं."

बयाबाईंनी किटली खाली ठेवली. "तू नववीत हुतीस. झेंड्याचा दिस हुता." मग त्यांनी डोळे मिटले आणि त्यांची बोलीच बदलली, शुद्ध झाली, अप्पांची झाली. "ज्या चौकातून पोरींना मान खाली घालून जावं लागतं, त्या चौकाला स्वातंत्र्य मिळालेलं नाही. तिथं झेंडा कितीही उंच चढवला तरी."

तो दिवस विद्याश्रीला लख्ख आठवत होता. झेंडावंदनाला निघताना अप्पांनी दारात तिची रिबीन सारखी केली होती. त्यांच्या बोटांना खडू होता, म्हणजे ते लिहून आलेले होते. आणि रिबीन सोडता सोडता म्हणाले होते, खाली बघून जा.

गृहपाठात तिनं वाक्य लिहिलं, अर्थ लिहिला. मत लिहिताना पेन जड झालं. 'लेखकाचा विचार चौकापुरता होता. घराच्या उंबऱ्याच्या आत त्याला तो आणता आला नाही.' पुढं तिनं लिहिलं, 'कदाचित लेखकाला गावाची भीती वाटत असावी.' आणि लगेच खोडलं. ते अप्पांचं नव्हतं, तिचं होतं.

पंधरा दिवसांनी वही परत मिळाली. खाली लाल शाईत मॅडमची ओळ होती, 'उत्तम. मात्र लेखक असा का वागला, याचं त्याच्या बाजूनं उत्तर हवं होतं.'

हवं होतंच. वर्गातनं घरी जाताना बसच्या खिडकीशी बसून तिनं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. बापाशी ती जन्मात कधी भांडली नव्हती. आता कुठं कडाकडा भांडावंसं वाटत होतं, आणि अप्पा नव्हते.