चौतीस ‘ले’

“छान आहे. आता शुद्ध करून आणा.”

हे वाक्य काकाजी हस्तलिखित वाचण्याआधी म्हणायचे. कागद हातात आले, की आधी अंगठ्याने त्यांची जाडी चाचपायचे, मग खिशातलं लाल पेन काढून त्याचं टोपण दातात धरायचे आणि टोपण तसंच ठेवून बोलायचे. नव्या लेखकाला त्यामुळे ‘आता सुद्द कलून आना’ असं ऐकू यायचं. शुद्धतेचा इतका बोबडा आग्रह मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही.

तुमच्याही गावात असं एखादं साहित्य मंडळ असेल आणि त्याला असाच एखादा सचिव असेल. आमचं मंडळ मध्य प्रदेशातल्या बालाघाटचं. इथला मराठी माणूस भाजी हिंदीत घेतो, भांडण हिंदीत करतो, आणि घरी आईशी जी मराठी बोलतो ती पुण्याच्या पाहुण्याला ऐकवली तर तो “काय म्हणालात?” असं तीनदा विचारून चौथ्यांदा नुसता हसतो. ‘मला’ नाही, ‘मले’. ‘का’ नाही, ‘काहून’. ‘हो’ नाही, ‘हौ’. या मराठीपासून मराठी साहित्याला वाचवणं हे मंडळाचं, म्हणजे एकट्या काकाजींचं, जीवितकार्य होतं.

सभासद अठरा, त्यांपैकी पदाधिकारी अकरा. मी सहसचिव. धंद्याने गणिताचा मास्तर. आयुष्यात एकच कथा लिहिली, ती मंडळात वाचली, आणि वाचून संपायच्या आत काकाजींनी मला पद देऊन टाकलं. हा माणूस लेखक होण्याचा धोका उरलेला नाही अशी खात्री पटली, की मंडळ त्याला पदाधिकारी करत असे.

नवलेखकाला मंडळ काय द्यायचं? प्रमाणपत्र, पोहे आणि शाल. यातली शाल फोटोपुरती. मंडळाच्या तीन शाली होत्या. सत्कार झाला, की सत्कारमूर्तीने मागच्या दाराशी शाल घडी करून परत द्यायची अशी पद्धत. मला कुणी हे सांगितलं नव्हतं. माझ्या सत्काराची शाल मी पांघरूनच घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी दारात.

“मास्तर, शाल विसरलात.”

“नाही, ही काय, आणली की!”

“द्यायला विसरलात.”

काकाजी सरकारी कचेरीतून बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झाले होते आणि साहित्य त्यांच्या लेखी टपालच होतं. कविता आली, की तिला आवक क्रमांक. शुद्धीसाठी परत गेली, की जावक क्रमांक. मूळ कागद मात्र फाइलमधून कधी बाहेर जायचा नाही; लेखकाला झेरॉक्स मिळायची. एका कवीने चिडून विचारलं, “काकाजी, माझी कविता कुठपर्यंत आली?” काकाजींनी रजिस्टर उघडून गंभीरपणे सांगितलं, “तुमची कविता प्रलंबित आहे.” तो कवी पुढे सिमेंटच्या एजन्सीत स्थिरावला. मंडळाने घडवलेल्या लेखकांत त्याचंच बरं चाललं आहे.

गंमत अशी, की हेच काकाजी फोनवर काकूंशी बोलताना ऐकावेत. एका नवकवीच्या वहीतले ‘ले’ लाल पेनाने खोडता खोडता दुसऱ्या हातातल्या फोनवर म्हणायचे, “हौ, येऊन राह्यलो ना! मले भात नको, पोई टाक.” फोन ठेवला, की पुन्हा नवकवीकडे वळून, “तर आपण भाषाशुद्धीविषयी बोलत होतो.”

अशा आमच्या मंडळात कुंदाताई आल्या. लांजीच्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या. बैठक रविवारी चारला, म्हणून बाराची बस धरून यायच्या आणि शेवटच्या खुर्चीवर पिशवी मांडीत घेऊन बसायच्या. तीन बैठका नुसत्या बसल्या. चौथीला पिशवीतून वहीचे सहा कागद काढले. कथेचं नाव ‘मायले काही नको’.

मी कथा वाचली आणि पहिल्यांदा मला मंडळाची भीती वाटली. खरंच चांगलं लिहिणारं माणूस आमच्यात कधी आलंच नव्हतं. आलं तर काय करायचं याची घटनेत तरतूद नव्हती. कथेत एवढंच होतं: बाजाराच्या दिवशी बाप विचारतो, “काही आनू का?” आणि माय म्हणते, “मले काही नको.” ती हे आयुष्यभर म्हणते, म्हणून तिच्यासाठी कोणी आयुष्यभर काही आणत नाही. बस. पण वाचून झाल्यावर मी बायकोला फोन करून बाजारातून काही हवंय का विचारलं. ती म्हणाली, “तब्येत बरी आहे ना?”

काकाजींनी कथा वाचली. टोपण दातांतून काढलं. हे फार क्वचित व्हायचं.

“ताई, कथा उत्तम आहे. चौतीस ‘ले’ आहेत. ते काढले, की वार्षिक अंकात घेऊ.”

“काकाजी, ले काढले त माय बोलनच नाही.”

“घरची भाषा वेगळी, साहित्याची वेगळी.”

“मायलेच वाचून दाखवाची हाय जी. तिले वाचता येत नाही. आजपावतर तिच्यासाठी कोनी काही आनलं नाही, मी हे आनीन म्हनलं.” कुंदाताई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. “प्रकाशनाले घेऊन येते तिले. पन तिचंच बोलनं असन त तिले समजन.”

काकाजींनी कथेवर आवक क्रमांक घातला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, शुद्ध करून घ्या.”

आता माझा पराक्रम ऐका.

अंकाची जुळणी माझ्या कॉम्प्युटरवर होती. अठरा जणांचं साहित्य, आणि प्रत्येकात हे ‘ले’. एकेक शोधून खोडायचं तर सुट्टी संपली असती. मी गणिताचा माणूस. सूत्र सापडल्यावर आकडेमोड कोण करतो? कॉम्प्युटरला हुकूम दिला: जिथे जिथे ‘ले’ दिसेल तिथे तिथे ‘ला’ कर. एक बटण दाबलं. तीन सेकंद. इतकं शुद्धीकरण मंडळाच्या इतिहासात झालं नव्हतं. संध्याकाळी काकाजींनी विचारलं, “परत नजर टाकलीत ना?” मी म्हटलं, “हौ.” आणि फाइल छापखान्यात पाठवून दिली.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. ‘ले’ काही फक्त ‘मले’मध्ये नसतो. ‘लेखक’ झाला ‘लाखक’. ‘लेक’ झाली ‘लाक’, ‘लेकरू’ झालं ‘लाकरू’. आईवडील ‘गेले’ होते, ते ‘गेला’. सबंध अंक जबलपूरच्या जावयाने नवीन मराठी शिकून लिहून काढल्यासारखा झाला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: ‘आमचे लाखक’.

प्रकाशनाला नागपूरहून समीक्षक आले होते. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत कुंदाताई आणि त्यांच्या शेजारी त्यांची आई, नवं लुगडं, पाय खुर्चीवर घेऊन बसलेली. समीक्षकांनी फीत सोडून अंक उघडला आणि कुतूहलाने माइकवरच विचारलं, “लाखक म्हणजे जंगलातून लाख गोळा करणारे का? अस्सल स्थानिक शब्द दिसतो.”

मला माझं ते एक बटण आठवलं. अंक उघडून बघायची हिंमत नव्हती आणि गरजही नव्हती.

समीक्षकांनी अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं. “आणि हे बघा! ‘मायला काही नको’!”

आता ‘मायला’ हे रूप व्याकरणाने अगदी शुद्ध. पण मराठी माणूस ते कधी उच्चारतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. बस सुटली की. बोट दारात सापडलं की.

“एका ग्रामीण स्त्रीने शिवी थेट शीर्षकात आणावी,” समीक्षक रंगात आले, “केवढं हे धाडस! केवढा हा विद्रोह!”

सगळा हॉल हसला. मागे दोघं तर शिट्टी वाजवण्याच्या बेतात होते. कुंदाताई अंकाकडे बघत होत्या. त्यांच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढत गेली. त्यांची आई त्यांना ढोसून मोठ्याने विचारत होती, “काहून हासून राह्यले व? काय लिवलंस तू?”

काकाजी उठले. आता माझं नाव घेणार, म्हणून मी खुर्चीत जमेल तेवढा लहान झालो.

“चूक सचिवाची आहे,” ते म्हणाले. “छापण्याआधी सचिवाने बघायला हवं होतं. ताईंनी शिवी लिहिलेली नाही. मी मूळ प्रत वाचून दाखवतो.”

आवक फाइल त्यांच्या पिशवीत होतीच. लग्नालासुद्धा ते ती घेऊन जायचे. वहीचे सहा कागद निघाले. काकाजींनी चष्मा पुसला, माइक खाली ओढला आणि वाचलं, “मायला काही नको.”

चाळीस वर्षांची सवय. जीभ वाचता वाचता शुद्ध करत होती. हॉल पुन्हा हसला. काकाजींनी खाकरून पुन्हा सुरुवात केली, “मायला...”

“बाप्पा!” पहिल्या रांगेतून म्हातारीचा आवाज आला. “नीट वाच ना. वाचता येत नाही का तुले? तुही माय तुले काय म्हने?”

कोणी हसलं नाही. काकाजींनी कागद खाली केले. समीक्षकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

“म्हने...” काकाजी म्हणाले. “म्हने, तुले भूक लागली का रे.”

“हं. तसं वाच.”

आणि काकाजींनी तसं वाचलं. चौतीसच्या चौतीस. अर्ध्यावर म्हातारी कुंदाताईंना म्हणाली, “हे त माह्यंच हाय!” आणि त्यानंतर ती प्रत्येक वाक्याला “हौ”, “हौ” म्हणत गेली. मायक्रोफोनपेक्षा ते जास्त ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून शुद्धिपत्र. ते काकाजींनी स्वतः तयार केलं. डाव्या रकान्यात ‘अशुद्ध: मायला’, उजव्यात ‘शुद्ध: मायले’. सगळ्या प्रतींत ते चिकटवायचं काम आम्हा दोघांचं. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत, त्यामुळे डिंकाचा वास अजून मला शिव्यांसारखा वाटतो. तिसऱ्या दिवशी, चिठ्ठ्या कापता कापता, आपण होऊन म्हणाले, “कॉलेजात होतो. पुण्याले गेलतो, कविता वाचाले. एक ‘मले’ राहून गेला. लई हासले लोक.” कात्री थांबली नाही. “मंग नाही लिवली.”

मी एक चिठ्ठी उलटी चिकटवली.

काकाजी यानंतर बदलले असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही साहित्य मंडळ पाहिलेलं नाही. पुढच्याच बैठकीत त्यांनी हट्टा गावच्या एका निवृत्त पोस्टमास्तराच्या आठवणींतून एकोणीस ‘ले’ वेचून काढले. तांदळातले खडे काढावेत तसे. पोस्टमास्तर म्हणाले, “मग कुंदाताईंचं काहून चालते?” काकाजींनी टोपण दातात धरलं आणि त्यांना काही ऐकू आलं नाही. कुंदाताईंच्या कागदांवर मात्र ते लाल पेनाने फक्त एवढंच लिहायचे: ‘जसं आहे तसं.’ खाली सही.

गेल्या वर्षी काकाजी गेले. शोकसभेत उरलेले दहा पदाधिकारी बोलले आणि दहाही जण स्वतःविषयी बोलले; मी तर त्या तीन सेकंदांचा किस्सा सांगून हशा मिळवला. शेवटी कुंदाताई उठल्या.

“काकाजी लांजीले येत होते,” त्या म्हणाल्या. “बैठक नसन त्या रविवारी, बसनं. मी नवीन काही लिवलं की मायले वाचून दाखवाले. मी वाचते म्हनलं तरी आयकत नव्हते. माय बाजीवर, काकाजी खाली बोऱ्यावर. चुकले की माय थांबवे. मागच्या मयन्यात माय त्याईले म्हने, ‘आता तुले येऊन राह्यलं, बाप्पा.’ मी मायले सांगतलं नाही अजून. माय रविवारी त्याईची वाट पायते.”

मी हात वर केला आणि म्हणालो, “रविवारी मी जातो वाचायला.” मला नेहमी अशाच वेळी सुचतं.

पुढच्या रविवारी मी लांजीला गेलो. कुंदाताईंची नवी कथा हातात. म्हातारी बाजेवर बसली होती. तिने माझ्या मागे, फाटकाकडे, आणखी कोणी आहे का ते पाहिलं. मी बोऱ्यावर बसलो, घसा साफ केला आणि वाचायला लागलो. बसमध्ये दोनदा वाचून तयारी केली होती. एक ‘ले’ सोडला नाही.

तिने दोन ओळी ऐकल्या आणि हात वर केला.

“तुले नाही येत, बाप्पा. त्याले पाठव.”